कोकणात एसीचं काम करायचंय? आधी मोजायला शिका, मग गॅसची टाकी उघडा

मे महिना, लाईट येऊन जाऊन, मुंबईवरून सगळी मंडळी गावी आलेली आणि फोन येतो की "अरे जरा येऊन गॅस भरून जा, कूलिंग नाय." कोकणात रेवस-अलिबागपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दहातले निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. गिऱ्हाईकाने डॉक्टरचं काम आधीच उरकलेलं असतं, आपण फक्त इंजेक्शन द्यायचं. आणि आपल्यातले बरेच जण देतात पण, कारण पिन लावा, गेज बघा, थोडा मारा, पैसे घ्या, अर्ध्या तासात मोकळे. पुढच्या वर्षी तोच फोन येतो आणि यावेळी सूर वेगळा असतो, "मागच्याच वर्षी भरलेलो गॅस, आता परत संपलो कसो?"

त्याचं बरोबर आहे. गॅस संपत नाही, तो काही पेट्रोल नाही. बंद पाईपात तोच तोच फिरतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. हे आपल्या लाईनमधल्या प्रत्येकाला माहिती आहे आणि तरी लीक न शोधता गॅस मारला जातो. हे लिहितोय ते आयटीआय करून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसाठी, किंवा कुणाच्या हाताखाली हेल्पर म्हणून चार-पाच सीझन काढून आता स्वतःचं सुरू करू बघणाऱ्यांसाठी. थोडं तांत्रिक, थोडं धंद्याचं, दोन्ही एकत्रच लिहितो कारण मला ते वेगळे वाटतच नाहीत. ज्याला मशीन मोजता येत नाही त्याला सहसा स्वतःचा खर्च पण मोजता येत नाही.

शिकायचं कधी

सोपं आहे, पावसात. मार्च ते मे डोकं वर काढायला वेळ नसतो, एसी पण तेव्हाच, आंब्याच्या खोल्या पण तेव्हाच, आईस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीज पण तेव्हाच बंद पडणार. जून लागला की फोन थंडावतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते म्हणून बंदरावरची कामं पण बसतात, आणि गणपतीत पुन्हा एकदा धावपळ सुरू होते. मधले हे आठवडे टीव्हीसमोर घालवायचे नाहीत. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला असेल तर उत्तमच, पण नसेल केला आणि हाताला काम येत असेल तर आरपीएल म्हणून प्रकार आहे, तुम्हाला येतंय ते तपासून सर्टिफिकेट देतात, एसीच्या फिल्ड टेक्निशियनसाठी ते इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल कौन्सिलच्या अखत्यारीत येतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन सेलमार्फत सर्व्हिसिंगवाल्यांसाठी छोटी ट्रेनिंगं होतात, ती सोडू नका. कंपन्यांची ट्रेनिंगं पण असतात पण तिथे त्यांचं मशीन शिकवतात, विषय नाही. दोन्हीची गरज आहे, क्रम मात्र आधी विषय मग मशीन.

सर्टिफिकेटचा उपयोग काय असं विचारणारे भेटतात. घरगुती गिऱ्हाईक विचारत नाही हे खरंय. पण बँक, रिसॉर्ट, सरकारी ऑफिस यांची कामं मागायला गेलात की कागद लागतो, आणि आर-३२ (आजच्या बहुतेक एसीतला गॅस) चं मशीन हाताळताना काय करायचं नाही हे कुणीतरी शिस्तीत सांगितलेलं असणं हे जिवाच्या दृष्टीने पण बरं.

गॅस बदललाय, हात बदलायला हवेत

जुने मिस्त्री आर-२२ वर वाढले. तो गॅस आता जातोय, ओझोन वाचवायच्या माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत आपल्याकडे त्याचा वापर जवळपास संपवायचाय, नवीन मशिनात तो भरणं २०२५ पासून बंद झालंय. दुकानात आज जे मशीन मिळतं ते बहुतेक आर-३२ चं, मधल्या काळातली आर-४१०ए ची बरीच आहेत, आणि काही आर-२९० ची, म्हणजे सरळ प्रोपेनची.

आता फरक काय. सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाईपात, आर-२२ साधारण ६५-७० पीएसआय दाखवायचा, तीच अवस्था आर-३२ आणि आर-४१०ए मधे ११५-१२५ च्या आसपास दिसते, म्हणजे प्रेशर दीडपटीच्या वर. जुना गेज, जुनी होज पाईप वापरू नका, फाटली तर तोंडासमोर फाटते. आर-४१०ए हा आर-३२ आणि आर-१२५ यांचं अर्धं-अर्धं मिश्रण आहे, म्हणून टाकी उलटी धरून लिक्विड सोडायचा. आर-३२ एकटाच गॅस आहे, तिथे ती भानगड नाही. पण दोघांत जे तेल असतं ते पॉलिएस्टर प्रकारचं, हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि कोकणात दमटपणाची काय कमी. पावसात तेलाचा डबा उघडा ठेवून चहा प्यायला गेलात तर ते तेल फेकूनच द्यायचं.

एक गोष्ट फार जणांची चुकते म्हणून जरा थांबतो. बंद मशीनला गेज लावून जे प्रेशर दिसतं, स्टँडिंग प्रेशर, त्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही. आत थोडासा जरी लिक्विड शिल्लक असला तरी गेज फक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे आकडा दाखवणार. ३० डिग्रीला आर-२२ साधारण १५८ दाखवतो, आर-३२ साधारण २६५, मग आत ९०० ग्रॅम असो की ३०० ग्रॅम. "स्टँडिंग बरोबर आहे म्हणजे गॅस फुल" असं म्हणणारा मिस्त्री अंदाजपंचे दाहोदरसे करतोय. गॅस वजन करूनच भरायचा, नेमप्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात, पाईप ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचा ते मॅन्युअलमधे असतं. डिजिटल वजनकाटा ही चैन नाही, ते तुमचं पहिलं हत्यार.

आर-३२ थोडा पेट घेणारा आहे, आर-२९० तर सिलिंडरच्या गॅससारखाच पेटतो. म्हणजे ब्रेझिंग (आगीने पाईप जोडणं) करायच्या आधी गॅस पूर्ण काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, खिडकी-दार उघडायचं, आणि हेल्परच्या खिशातली विडी बाहेर ठेवायची. गॅस काढायचा म्हणजे रिकव्हरी मशीनने टाकीत घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. पंप डाऊन करून गॅस आउटडोरमधे ओढताना जर लीक असेल तर कॉम्प्रेसर हवा पण ओढतो, तेल आणि हवा एकत्र दाबली गेली की कॉम्प्रेसर फुटतो, माणसं गेलीत यात. लीक असलेलं मशीन पंप डाऊन करू नका. एवढं एक वाक्य हेल्परकडून पाठ करून घ्या.

इन्स्टॉलेशन, जिथे निम्म्या कंप्लेंटी जन्माला येतात

कॉपरला फ्लेअर करताना, म्हणजे पाईपाचं तोंड पसरवताना, आतली बर (कापल्यावर राहिलेली धार) काढा, तोंड खाली धरून काढा म्हणजे चुरा आत पडत नाही. नट पान्याने "हाताला लागेल तेवढा" नाही आवळायचा, टॉर्क रेंच घ्या. पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन-अष्टमांशला ३४ ते ४२, अर्धा इंचीला साधारण ४९ ते ६१. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो आणि तो दोन महिन्यांनी गळतो, तेव्हा तुम्ही गावात नसता.

मग गळती तपासायला नायट्रोजन. मॅन्युअलमधे दिलेल्या प्रेशरपर्यंत टप्प्याटप्प्याने न्यायचं, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी, थोडा वेळ धरून ठेवायचं. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनची टाकी जोडायची नाही, आत दीडशे बार असतात. आणि ऑक्सिजनने टेस्ट घेतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या जवळ उभे राहू नका, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगी पण लागत नाही.

व्हॅक्यूम. इथे आपली सगळ्यात मोठी पंचाईत आहे. साधा गेज -३० वर गेला की आपण म्हणतो झालं. त्या गेजला काही समजत नाही, त्याला २०,००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन यातला फरक दिसत नाही (मायक्रॉन म्हणजे व्हॅक्यूमचं माप, आकडा जितका कमी तितका चांगला). पाईपातलं पाणी उकळून बाहेर काढायचं असतं, ३० डिग्रीला पाणी ३२,००० मायक्रॉनच्या खाली उकळायला लागतं पण सगळं निघून पाईप कोरडा व्हायला ५०० च्या खाली जावं लागतं आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकावं लागतं. चढत जाऊन १,५००-२,००० ला थांबला तर अजून ओल आहे, चढतच राहिला तर लीक. दोन्ही गोष्टी एकाच मीटरवर कळतात, म्हणून मायक्रॉन गेज घ्या. जुलैत रत्नागिरीत व्हॅक्यूम मारायला एप्रिलपेक्षा जास्त वेळ लागणारच, पंपाचं तेल दुधासारखं पांढरं झालं की बदलायचं. आणि "थोडा गॅस सोडून हवा काढतो" हा शॉर्टकट आर-३२ ला करायचाच नाही.

आता भिंत. आपल्याकडची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, त्यात फिशर (बोल्टसाठीचा खुंटा) ठोकला की दगड भुगा होऊन बाहेर येतो, एक पावसाळा झाला की आउटडोर झुकलेला दिसतो. आरपार भोक पाडा, लांब बोल्ट, आतल्या बाजूला पट्टी, किंवा सरळ जमिनीवर चौथरा करून ठेवा, पाणी साचणार नाही इतका उंच. ब्रॅकेट आणि नट-बोल्ट साधे लोखंडी लावले तर किनाऱ्यापासून जवळच्या घरात ते किती लवकर गंजतात ते तुम्हीच बघता, स्टेनलेसचे लावा, अगदी वाळूवरचा रिसॉर्ट असेल तर ३१६ ग्रेडचे, ३०४ वर पण तिथे तांबूस डाग येतात. गिऱ्हाईक म्हणेल महाग आहे. त्याला शेजारच्याचा गंजलेला ब्रॅकेट दाखवा, बोलायची गरज पडत नाही.

कौलारू घरात एसी लावायचा असेल तर आधी छताकडे बघा. कौलांच्या फटीतून थंड हवा सरळ आभाळात जाते, दोन टन लावा नाहीतर तीन टन, खोली गार होणार नाही. खाली पीओपी किंवा लाकडी सिलिंग करून घ्यायला सांगा, ते होत नसेल तर काम नाकारा. हे बोलायला जड जातं, समोर काका बसलेले असतात, मुलाने मुंबईवरून मशीन पाठवलेलं असतं. तरी सांगा. नाहीतर "याने लावलेला एसी चालत नाही" हे वाडीभर होतं.

खारा वारा

हा विषय पुस्तकात दोन ओळीत असतो आणि आपल्या इथे तोच मुख्य. आउटडोरच्या अॅल्युमिनियमच्या फिना (कॉईलवरच्या पातळ पट्ट्या) मिठाने पांढऱ्या पडतात, बोट लावलं तर भुगा होतो, आणि फिन गेली की कॉईल गरम हवा सोडू शकत नाही, हेड प्रेशर (कॉम्प्रेसरच्या पुढचं प्रेशर) वाढतं, करंट वाढतो, मशीन ट्रिप होतं आणि पुन्हा फोन येतो की गॅस भरा.

एक उलटी गोष्ट आहे. छज्ज्याखाली लपवलेला आउटडोर उघड्यावरच्यापेक्षा बऱ्याचदा लवकर खराब होतो. कारण पाऊस उघड्यावरचं मीठ धुवून नेतो, छज्ज्याखालचं तिथेच साठत राहतं. म्हणून धुणं हाच उपाय, साध्या गोड्या पाण्याने, आतून बाहेर, कमी प्रेशरने, फिना न वाकवता. विहिरीचं पाणी खारट असेल तर ते नको, खाडीकाठच्या गावात आधी चाखून बघा खरंच. अॅसिडवाली केमिकलं बंद करा, एकदा चकाचक दिसतं पण फिनेवरचं कोटिंग निघून जातं. आउटडोर निवडताना समुद्राकडे तोंड नको, घराच्या आडोशाला, वाऱ्याच्या पाठीला. कोटिंग असलेली कॉईल घ्यायला सांगा, शक्यतो ज्या कंपनीचा स्पेअर पार्ट जिल्ह्यात मिळतो त्याच कंपनीचं मशीन घ्यायला सांगा. आणि पावसाळ्यात आउटडोरवर प्लास्टिक गुंडाळून ठेवायची पद्धत आहे ना, ती मोडा. आत वाफ कोंडते आणि सगळं अजून वेगाने गंजतं. वरून पत्रा पुरे.

चाकरमान्यांची घरं ही अजून वेगळी जात. दहा महिने बंद, मग गणपतीत स्विच ऑन. पीसीबीवर (मशीनच्या सर्किट बोर्डवर) पाल चिकटून मेलेली, ड्रेन पाईपात कुंभारणीने मातीचं घर केलेलं, वायर उंदराने कुरतडलेली. अशा घरांना जाताना गॅसची टाकी गाडीतच ठेवा, आधी ड्रेन पाईपात पाणी ओतून बघा, पीसीबीचं झाकण काढा, कपॅसिटर मोजा. फिक्स स्पीड (बिनइन्व्हर्टरच्या) मशीनमधे कॉम्प्रेसर "जाम" झाला म्हणून जे मशीन भंगारात जातं त्यात कित्येकदा फक्त कपॅसिटर उतरलेला असतो, त्याच्यावर ४० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर २६ दाखवतोय. शिवाय सप्लाय. लाईनच्या शेवटच्या घरात संध्याकाळी १७०-१८० व्होल्ट असतात, त्यावर कॉम्प्रेसर उचलत नाही आणि दोष आपल्यावर. व्होल्टेज मोजून, तारीख-वेळ टाकून फोटो काढून ठेवा. अर्थिंग पण बघा, जांभ्या दगडात उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी पडते की नावाला असलेली अर्थिंग काहीच करत नाही. ते काम मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, स्वतः हात घालू नका.

दमटपणाबद्दल शेवटचं. २८ डिग्री आणि ८५ टक्के दमटपणा म्हणजे दवबिंदू २५ डिग्रीच्या आसपास, म्हणजे २५ पेक्षा थंड जे काही असेल त्याला घाम फुटणार. पाईपाचं इन्सुलेशन जिथे जिथे उघडं तिथून पाणी गळणार आणि गिऱ्हाईक म्हणणार इनडोर लीक आहे. जाड नायट्राईल रबर लावा, जोड चिकटवा, नुसती टेप गुंडाळू नका. आणि पावसाळ्यात आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यातला फरक ८-९ डिग्रीच मिळाला तर घाबरून गॅस मारू नका, मशीनची बरीच ताकद पाणी काढण्यात जातेय, ड्रेनखाली बादली ठेवली की दिसतं. ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान मोजायला शिका, मग हा गोंधळच राहत नाही.

आंबा आणि मासळी, थोडक्यात

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात ज्याला आंब्याच्या खोलीचं काम जमलं त्याचा सीझन निघतो, पण एसीचं ज्ञान तिथे पुरत नाही. हापूस १२-१३ डिग्रीच्या खाली नेला की सालीवर डाग पडतात आणि नंतर नीट पिकत पण नाही, बागायतदार "अजून थंड कर" म्हणेल, ऐकायचं नाही. पिकवायच्या खोलीत तापमान २० च्या आसपास, दमटपणा ९० टक्क्यांच्या वर, इथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत चालतो, कॅल्शियम कार्बाईडला बंदी आहे. साधा स्प्लिट एसी लावून भागवणारे आहेत, पण तो हवा कोरडी करतो, आंबा सुरकुततो, वजन घटतं. मोठी कॉईल आणि खोलीच्या हवेपेक्षा जेमतेम थंड, हे सूत्र.

लोड, म्हणजे किती उष्णता काढायची, ते कसं मोजायचं हे एकदा करून बघा. एक टन आंबा ३२ वरून १४ डिग्रीला आणायचाय, आंब्याची विशिष्ट उष्णता साधारण ३.७ किलोज्यूल, तर १,००० × ३.७ × १८ म्हणजे ६६,६०० किलोज्यूल, म्हणजे साडेअठरा युनिट उष्णता. आठ तासात काढायची तर २.३ किलोवॅट. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे ३.५ किलोवॅट, म्हणजे फक्त फळाचा पाऊण टनाच्या आत. त्यात भिंती, दार उघडणं, पंखे, क्रेट, आणि फळ स्वतः श्वास घेताना जी उष्णता सोडतं ती, हे सगळं वर. आता हाच माल चार तासात हवा असेल तर आकडा दुप्पट. बागायतदारासमोर कागदावर हा हिशोब मांडला की भावाची घासाघीस निम्मी संपते.

मिरकरवाडा, हर्णै, मालवण इथले बर्फाचे कारखाने अमोनियावर. तिथे प्लंबिंग समजून हात घालायचा नाही, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढा मगच. गरम पाण्याच्या बाजूला मात्र लक्ष ठेवा, तारकर्ली-गुहागरकडच्या हॉटेलांना हीट पंपाचं गरम पाणी परवडतं, मशीन तेच, फक्त उलटं वापरायचं, आपल्याला अर्धं आधीच येतं.

आता पैशांचं

समजा महिन्याचा खर्च असा आहे: एक मिस्त्री २२,०००, हेल्पर १४,०००, पेट्रोल ९,०००, गाळा-फोन ६,०००, हत्यारांची झीज ४,०००, आणि तुमच्या घरखर्चाला ३०,०००. झाले ८५,०००, वर्षाचे १०,२०,०००. मार्च ते मे दिवसाला चार कॉल, महिन्याला २४ दिवस, म्हणजे २८८. बाकीचे नऊ महिने दिवसाला सरासरी दीड, म्हणजे ३२४. एकूण ६१२ कॉल. भागाकार करा, एका कॉलला १,६६७ रुपये नुसता खर्च, नफा अजून आलाच नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका. पण हे कागदावर बघितल्याशिवाय "शेजारचा पाचशेत सर्व्हिसिंग करतो म्हणून मी साडेचारशे" हे करू नका. तो पाचशेत करत असेल तर एकतर तो दुसऱ्या कशातून काढतोय नाहीतर त्याचा पण भागाकार राहिलाय.

मग उपाय काय, दर तिप्पट करायचे का? तसं चालत नाही गावात. एका फेरीत जास्त मशिनं कशी होतील ते बघायचं. राजापूरवरून एका मशीनसाठी विजयदुर्ग म्हणजे दिवस गेला. त्यापेक्षा तालुक्याचे वार ठरवा, मंगळवारी या बाजूला, शुक्रवारी त्या बाजूला, तातडीने पाहिजे असेल तर अंतराप्रमाणे जादा चार्ज, आणि तो फोनवरच सांगायचा, दारात नाही. निघायच्या आधी व्हॉट्सअॅपवर नेमप्लेटचा, एरर कोडचा आणि आउटडोर कुठे लावलाय त्याचा फोटो मागवा. वहिनी फोटो पाठवतात, दोन मिनिटांचं काम, आणि तुमची एक फुकट फेरी वाचते.

खरा आधार एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचा. रिसॉर्ट, होमस्टे, बँक, दवाखाना, जिथे एका छपराखाली पाच-दहा मशिनं आहेत. त्यांना ऑक्टोबरात भेटा, मे महिन्यात नाही, मे मधे मालकाला बोलायला वेळ नसतो आणि तुम्हाला पण. करारात धुणं किती वेळा ते लिहा (किनाऱ्यावर वर्षातून दोनदा पुरत नाही, आउटडोरला दर महिन्याला पाणी मारायचं काम तिथल्याच पोराला शिकवा), पार्ट धरून की नुसती मजुरी ते लिहा, गंजलेली कॉईल, वीज पडून गेलेला पीसीबी हे बाहेर आहेत हे ठळक लिहा. पार्टसकट करार समुद्रालगत घ्यायचाच नाही असं माझं मत आहे. बरेच जण घेतात, तिसऱ्या वर्षी कॉईली बदलत बसतात.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट होते, सरकारी पोर्टलवर आधार-पॅन घेऊन स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका. तिचा फायदा उधारीत होतो: तुम्ही उद्यममधे असाल आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी नसेल तर १५ दिवसात समोरच्या कंपनीने पैसे द्यायचे असा कायदा आहे, उशीर झाला तर व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. हॉटेलवाल्याला हे भांडून सांगायचं नाही, बिलावर खाली उद्यम नंबर आणि देय तारीख छापायची. सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुनी कोटेशनं तशीच फिरवू नका. मोठ्या पार्टीने टीडीएस (बिलातून आधीच आयकर) कापला तर तो बुडाला असं समजू नका, रिटर्न भरा, तो तुमच्या करात धरला जातो, जास्त कापला असेल तर परत मिळतो.

घरगुती उधारीला मात्र कायदा कामाचा नाही. तिथे कामाआधी अंदाज लिहून पाठवायचा आणि काम झाल्यावर क्यूआर कोड पुढे करायचा, "पुढच्या खेपेला देतो रे" म्हणणाऱ्याची पुढची खेप शिमग्याला असते.

आणि वही ठेवा. प्रत्येक मशीनचं एक पान: लावल्याची तारीख, किती ग्रॅम गॅस आहे, व्हॅक्यूम किती मायक्रॉनला थांबला, करंट, व्होल्टेज, आत-बाहेरचं तापमान. पाच मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी त्याच घरून फोन आला की गाडीला किक मारायच्या आधी वही उघडायची. करंट मागच्या वेळेपेक्षा वाढलाय तर कॉईल घाण, कमी झालाय आणि कूलिंग नाही तर लीक शोधायची तयारी करून निघायचं, म्हणजे नायट्रोजन, साबण, डिटेक्टर गाडीत हवेत. लीक सापडून दुरुस्त झाला, नायट्रोजन टिकला, व्हॅक्यूम टिकला, की मग काट्यावर टाकी ठेवायची आणि नेमप्लेटएवढे ग्रॅम सोडायचे. बिलात लीक दुरुस्ती वेगळी लिहा आणि गॅस वेगळा लिहा, जोड कुठे गळत होता त्याचा फोटो बिलासोबत पाठवा.